टँकरचं शेपूट रस्त्यात: न्यू जर्सीतल्या एका गॅस स्टेशनच्या पुनर्बांधणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य न्यू जर्सीतली एक टाउनशिप, म्हणजे स्वतःचा स्थानिक कारभार असलेलं गाव. नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून जागेचे काही बारकावेही बदलले आहेत. मी इथल्या झोनिंग बोर्डावर पर्यायी सभासद आहे. कुठल्या जागेचा वापर कशासाठी करता येईल हे झोनिंगचे नियम सांगतात, आणि त्यांतून सूट द्यायची का ते हे बोर्ड ठरवतं. सात नियमित सभासदांपैकी कुणी आलं नाही तर मत द्यायला बसायचं, एरवी ऐकायचं. मानधन नाही. महिन्यातून एक-दोन संध्याकाळी सभागृहात घालवायच्या आणि घरी येऊन गार झालेली पोळी खायची, एवढंच.

काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्ता आणि टाउनशिपची एक गल्ली मिळते त्या कोपऱ्यावर साठच्या दशकातलं गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप, होतं. पंपांचे दोन ओटे, एका वेळी चार गाड्या, बाजूला गाड्या दुरुस्तीचे दोन गाळे आणि सिगारेट-लॉटरीची एक खोली. समोरची बाजू जवळजवळ सगळी मोकळी. कुठूनही आत शिरा, कुठूनही बाहेर पडा. मागे दोन मजली अपार्टमेंट, डाव्या हाताला तीन-चार घरं.

स्टेशन झाल्यावर बऱ्याच वर्षांनी टाउनशिपने त्या पट्ट्याचं झोनिंग बदललं. छोटी दुकानं, सलून, दवाखाने चालतील, गॅस स्टेशन चालणार नाही, असं ठरलं. पण आधीपासून चालू असलेला वापर असा एका ठरावाने बंद करता येत नाही. न्यू जर्सीच्या १९७५च्या म्युनिसिपल लँड यूज कायद्यानुसार तो आहे तसा चालू राहू शकतो. वाढवायचा मात्र असेल, तर झोनिंग बोर्डापुढे यावं लागतं.

इथे एक स्थानिक गोष्ट सांगायला हवी. न्यू जर्सीत आपल्या हाताने पेट्रोल भरता येत नाही, १९४९पासून तसा कायदाच आहे. ओरेगनने २०२३मध्ये आपली बंदी सैल केली, तेव्हापासून अशी सरसकट बंदी असलेलं आमचं एकच राज्य उरलं. गंमत म्हणून लोक हे सांगतात, पण नकाशावर त्याचा परिणाम होतो. माणूस गाडीतच बसून राहतो. त्याला दुकानात जायचं असेल तर पंपावरून गाडी काढून तो वेगळी जागा शोधतो. म्हणजे पंपापुढची जागा वेगळी लागते आणि दुकानापुढचं पार्किंग वेगळं. एकरापेक्षा लहान प्लॉटवर हे दोन्ही बसवून वर टँकर फिरवायचा, हे वाटतं तितकं सोपं नाही.

अर्ज आणि अडचण

दोन भागीदारांच्या कंपनीने जागा घेतली आणि अर्ज केला. जुनं सगळं पाडायचं, ३,२०० चौरस फुटांचं दुकान बांधायचं, पंपांचे सहा ओटे म्हणजे एका वेळी बारा गाड्या, वर मोठं छत, चोवीस तास चालू. जुन्या टाक्या काढून नव्या दुहेरी भिंतीच्या टाक्या बसवायच्या.

कायद्याच्या भाषेत यात दोन तऱ्हेच्या सवलती होत्या. एक, नियमात न बसणारा वापर वाढवण्याची. तिला आम्ही ‘डी’ व्हेरियन्स म्हणतो. तिथे साधं बहुमत पुरत नाही, पाच मतं लागतात. सहा जण हजर असले आणि चार विरुद्ध दोन असा निकाल लागला, तर अर्ज पडतो. दुसऱ्या बारीकसारीक ‘सी’ सवलती होत्या. मागच्या हद्दीला २५ फुटांचा हिरवा पट्टा हवा, नकाशात ९ फूट होता. पाट्या मोठ्या होत्या, फरसबंदी जास्त होती.

‘डी’ सवलतीसाठी अर्जदाराने दोन गोष्टी पटवाव्या लागतात. सवलत देण्यामागे विशेष कारण आहे, आणि ती दिल्याने शेजाराचं ठळक नुकसान होत नाही की झोनिंगच्या मूळ हेतूला धक्का लागत नाही. भंगार गाड्यांच्या एका आवाराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितलं होतं, की जुना वापर वाढवताना जागेचं रूप सुधारत असेल तर तेही विशेष कारण ठरू शकतं. अर्जदाराचा सगळा डोलारा यावर उभा होता: आजचं स्टेशन बघा, आणि आमचं चित्र बघा.

चित्र छान होतं यात वाद नाही. विटांचं दुकान, पांढरं छत, कुंड्या. चित्रात एकही टँकर नव्हता.

नोटीस कुणाला गेली

या प्रकरणातली पहिली चूक कायद्याप्रमाणे चूक नव्हतीच. जागेच्या २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्यांना सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यायची, आणि वर्तमानपत्रात छापायची. अर्जदाराने दोन्ही केलं. पण नोटीस मालकाला जाते, भाडेकरूला नाही. मागच्या अपार्टमेंटमधल्या सगळ्या बिऱ्हाडांसाठी मिळून एक रजिस्टर्ड पत्र मालक कंपनीच्या कचेरीत गेलं. ज्यांच्या बेडरूमच्या खिडक्या पंपावर उघडत होत्या, त्यांना पत्ताच नाही. त्यांत चार-पाच घरं आपल्या मराठी मंडळींची. भाड्याने राहणारी, कामाच्या व्हिसावर आलेली, आणि टाउन हॉल म्हणजे कुत्र्याचं लायसन्स काढायची जागा एवढीच ओळख असलेली.

पहिल्या सुनावणीला त्यामुळे घरमालकच आले. अर्जदाराच्या अभियंत्याने नकाशे लावले. अध्यक्षांनी सांगितलं, आता साक्षीदाराला फक्त प्रश्न विचारा, मतं शेवटी मांडा. कुणी ऐकलं नाही. प्रत्येक जण माईकशी येऊन भाषण सुरू करायचा, अध्यक्ष थांबवायचे, माणूस रागावून जागेवर जायचा. “एका मैलात तीन गॅस स्टेशनं आहेत, चौथं कशाला?” हा मुद्दा सहा जणांनी मांडला. आमच्या वकिलांना सहाही वेळा सांगावं लागलं, की धंद्यातली चढाओढ हा झोनिंगचा विषय नाही आणि त्यावरून बोर्ड अर्ज नाकारू शकत नाही. दुसरा मुद्दा जमिनीत झिरपलेल्या तेलाचा. तो खरा होता, पण तोही आमच्या हातातला नाही. टाक्यांची साफसफाई राज्याच्या पर्यावरण खात्याकडे आणि २००९च्या कायद्याने नेमायच्या परवानाधारक तज्ज्ञाकडे असते.

दोन तास गेले. लोकांना वाटलं बोर्ड विकलं गेलं आहे. मला वाटलं, ही दोन वाक्यं सुरुवातीलाच फळ्यावर लिहून ठेवली असती तर?

समोर कोणते पर्याय होते

त्या रात्री मी वहीत लिहून ठेवलं ते साधारण असं. अर्ज नाकारला तर जागा रिकामी होत नाही. जुने पंप, जुन्या टाक्या, गंजलेले गाळे आणि चहूबाजूंनी मोकळं आवार हे सगळं आहे तसं राहतं. सभागृहात ‘नको’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर तिथे बाग होती, आणि बाग कुणीच मागितली नव्हती. आहे तसा मंजूर केला, तर ९ फुटांच्या पट्ट्यापलीकडे चोवीस तास बारा गाड्या. मधला मार्ग म्हणजे आकार छाटायचा. पण किती, आणि कशाच्या आधारावर? “आठ पंप बरे वाटतात” हे कारण न्यायालयात टिकत नाही.

अर्जदाराच्या वकिलांनी आणखी एक वाट सुचवली. आधी फक्त वापराची सवलत मागायची, नकाशा मागाहून आणायचा. कायद्याने अर्जदाराला तशी मुभा आहे. खर्च वाचतो. सूट मिळालीच नाही तर तपशीलवार नकाशांचे पैसे पाण्यात जात नाहीत. आमच्या नियोजन सल्लागाराने मात्र स्पष्ट सांगितलं, की इथे वापर आणि मांडणी वेगळी करताच येत नाही, एवढ्याशा जागेत नुकसान होतं ते मांडणीमुळेच. अध्यक्षांनी तसा इशारा दिला आणि वकिलांनी तो विचार सोडला. या प्रकरणात बोर्डाने घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय मला हाच वाटतो, आणि त्यावर कुणी मतदानही केलं नाही.

दुसरी सुनावणी: आजोबांची वही

दुसऱ्या खेपेला वाहतूक तज्ज्ञ आले. गर्दीच्या तासाला किती गाड्या येतील, त्यांतल्या किती आधीच त्या रस्त्याने जाणाऱ्या असतील, चौकात वाहतूक किती सुरळीत चालते ते सांगणारी श्रेणी ए ते एफमधली कुठली राहील, सगळं चोख. शेवटी एक नकाशा: टँकर कसा वळतो. काळ्या रेघांची वेटोळी आवारातून सुबक फिरत होती. नीट पाहिलं तर ती पार्किंगच्या तीन चौकोनांवरून जात होती. विचारल्यावर उत्तर आलं, टँकर दुकान रिकामं असताना येईल.

“जे दुकान चोवीस तास उघडं आहे, ते रिकामं कधी असतं?” एका सभासद बाईंनी विचारलं. तज्ज्ञांनी पाणी प्यायलं.

यावेळी अपार्टमेंटमधले लोक आले होते. कुणा घरमालकाने त्यांच्या दारांना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यांत एक जावई आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले त्यांचे सासरे. आजोबांना इथे आल्यापासून रात्री झोप येत नव्हती. आधी वेळेच्या फरकामुळे, मग सवयीने. ते खिडकीत बसायचे. आयुष्य सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेलं, त्यामुळे गाडी दिसली की वेळ टिपायची हे अंगात मुरलेलं. दोनशे पानी वहीत त्यांनी जुन्या स्टेशनवर टँकर कधी येतो, किती वेळ थांबतो, हे ओळीने लिहिलं होतं. बारीक अक्षर, निळी शाई, समासात तारीख.

बोर्डाच्या सुनावणीला न्यायालयासारखे पुराव्याचे काटेकोर नियम लागू नसतात, पण साक्ष शपथेवर होते. आजोबांनी हात वर केला. खरं भाषांतर करीन अशी शपथ जावयांनीही घेतली. आजोबा बोलले, “टँकर तिकडनं पाठीमागं येतोय बघा. निम्मा आत, निम्मा रस्त्यात. शेपूट रस्त्यातच असतंय. आणि साडेसहा-सातला पोरांची बस तिथंच थांबतीय.”

जावयांनी संकोचाने भाषांतर केलं: टँकर पहाटे येतो आणि त्याचा आवाज होतो.

माझी पंचाईत झाली. मला मराठी कळत होतं, बाकीच्या सहांना नाही. निर्णय नोंदीत आलेल्या साक्षीवरच व्हायला हवा, मला एकट्याला कळलेल्या गोष्टीवर नाही. आणि मीच भाषांतर करायला लागलो तर सभासद आणि साक्षीदार यांतली रेघ पुसली जाते. मी शेजारी बसलेल्या वकिलांना हळूच विचारलं. ते म्हणाले, सगळ्यांना कळेल असा प्रश्न विचार. मी इंग्रजीत विचारलं, “टँकर रिकामा होताना त्याची मागची बाजू कुठे असते, हे साक्षीदाराने सांगितलं का?” जावयांनी आजोबांकडे पाहिलं. “अहो बाबा, ते शेपटाचं परत सांगा.” आजोबांनी परत सांगितलं, यावेळी हाताने टेबलावर टँकर काढून. भाषांतर पूर्ण आलं, आणि वहीची प्रत पुरावा म्हणून नोंदवली गेली.

सभागृहाचा नूर तिथे बदलला. तोवर प्रश्न “गॅस स्टेशन हवं की नको” असा होता. आता तो “टँकर कुठे उभा राहणार” असा झाला, आणि या प्रश्नाचं उत्तर फुटांत देता येत होतं. जुन्या जागेत टँकर आत मावत नाही हे वहीने दाखवलं. नव्या नकाशात तो मावतो हे सिद्ध करण्याचं ओझं अर्जदारावर आलं. मजा अशी, की तीच वही अर्जदाराच्याही कामाची होती. जुनं स्टेशन आजच धोक्याचं आहे याचा याहून चांगला पुरावा त्यांच्या कुठल्याच तज्ज्ञाने आणला नव्हता.

पुढच्या सुनावणीआधी आमच्याकडे गणपती आले. मराठी मंडळाच्या आरतीनंतर मोदकाची ताटली हातात असताना तिघांनी मला कोपऱ्यात गाठलं. “आपल्या लोकांचं बघा जरा.” प्रकरण चालू असताना बाहेर एक शब्द बोलता येत नाही, हे त्यांना सांगणं फार जड गेलं. एक काकू अजून माझ्याशी तुटक वागतात.

काय बदललं

तिसऱ्या सुनावणीला नवा नकाशा आला. टाक्या आवाराच्या एका कडेला सरकवल्या होत्या. टँकर काउंटी रस्त्याने सरळ आत येतो, टाक्यांशेजारी उभा राहतो आणि रिव्हर्स न घेता गल्लीतून बाहेर पडतो. एवढी जागा काढायची म्हणून ओटे सहाचे चार झाले आणि दुकान २,६०० चौरस फुटांवर आलं. छाटणी कुणाच्या मर्जीने झाली नाही, टँकरच्या वळणाने केली. मागचा पट्टा १८ फूट, सदाहरित झुडपं, सहा फुटी लाकडी कुंपण. रस्त्याला मोकळी असलेली बाजू बंद करून दोनच तोंडं ठेवली, काउंटी रस्त्यावरच्या तोंडातून फक्त उजवीकडे आत, उजवीकडे बाहेर.

अटींवर बरीच घासाघीस झाली. वेळ पहाटे पाच ते रात्री अकरा. टँकर सकाळी नऊ ते दुपारी दोनमध्येच. राज्याच्या नियमाने रहिवासी हद्दीवर रात्री दहा ते सकाळी सात आवाजाची मर्यादा ५० डेसिबल आहे, ती छतावरच्या फ्रीजच्या यंत्रांना लागू होतेच. एका तरुण भाडेकरू बाईंनी आणखी एक गोष्ट मागितली, जी आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती: पंपावरच्या टीव्हीचा आवाज बंद. हल्ली पंपावरच्या पडद्यावर जाहिराती किंचाळत असतात. ती अट अर्जदाराने दोन मिनिटांत मान्य केली.

मतदान

त्या रात्री सहा जण पात्र होतो. त्यांतले एक दुसऱ्या सुनावणीला नव्हते, पण त्यांनी ध्वनिमुद्रण ऐकून तसं लेखी दिलं होतं. अध्यक्षांनी अर्जदाराला विचारलं, सहांवर मत घ्यायचं की सातव्यासाठी पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं? पाच मतं हवीत, म्हणजे एकच माणूस गमावता येतो. वकील आणि भागीदार दहा मिनिटं बाहेर जाऊन आले. “मत घ्या.”

पाच विरुद्ध एक. विरोधात गेलेल्या सभासदाचं म्हणणं होतं, की टाउनशिपला तिथे गॅस स्टेशन नको असं झोनिंग सांगतं, आणि नवीन बांधून आपण ते आणखी पन्नास वर्षं पक्कं करतो. हा मुद्दा हलका नाही. मी होकार दिला, तरी तो मला अजून खटकतो.

पुढे काय झालं

गाळे पाडल्यावर जुन्या हायड्रॉलिक लिफ्टखालची माती तेलकट निघाली. अशा जागी हे होतंच. काम काही महिने अडलं, माती उपसून नेली. स्टेशन सुरू झाल्यावर टँकर दोनदा पहाटे आला, शेजाऱ्यांनी फोटो काढून झोनिंग अधिकाऱ्याला पाठवले, त्यांनी पत्र दिलं, तिसऱ्यांदा आला नाही. मंजुरीच्या ठरावात तासांचा स्पष्ट उल्लेख नसता तर ते पत्र देताच आलं नसतं.

दिव्यांबाबत मात्र आम्ही फसलो. प्रकाशाच्या नकाशात हद्दीवरचा उजेड जवळजवळ शून्य होता, आणि ते खरंही होतं, कारण तो जमिनीवर मोजतात. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून छताखालचे दिवे थेट डोळ्यांत यायचे. कुंपण सहा फुटी, खिडकी पंधरा फुटांवर. शेवटी अर्जदाराने स्वखर्चाने दिव्यांना पत्र्याच्या पट्ट्या लावल्या. तोवर त्या घरांनी तीन महिने जाड पडदे लावून काढले.

आज पुन्हा बसलो तर

अर्जदाराने पहिल्या सुनावणीआधीच मागच्या अपार्टमेंटमध्ये एक संध्याकाळ नकाशा घेऊन बसायला हवं होतं. तिसऱ्या सुनावणीला आलेला नकाशा कदाचित पहिल्यालाच आला असता, आणि तीन-तीन तज्ज्ञांचं दोन संध्याकाळींचं बिल वाचलं असतं. भाडेकरूंना नोटीस द्यायची सक्ती बोर्ड करू शकत नाही, पण इमारतीच्या दर्शनी दारात एक प्रत लावा अशी विनंती करू शकतं. आता आम्ही ती करतो. प्रकाशाचा नकाशा आला की मी वरच्या मजल्याच्या खिडकीतून काय दिसतं ते विचारतो.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. तीन सुनावण्यांत आम्ही गाड्यांबद्दल बोललो. गाड्या कुठून येतील, कुठे वळतील, कुठे थांबतील. रस्त्यापलीकडे मिडल स्कूल आहे, नव्या दुकानात बर्फाचं रंगीत सरबत मिळतं, आणि तीन वाजता शाळा सुटली की मुलं चौकापर्यंत न जाता मधूनच रस्ता ओलांडतात. हे तिथल्या एकाही तज्ज्ञाने, एकाही शेजाऱ्याने आणि सातांपैकी एकाही सभासदाने विचारलं नाही. क्रॉसिंग काउंटीच्या अखत्यारीतलं आहे. मंजुरीच्या वेळी मागितलं असतं तर अर्जदाराच्या खर्चाची बोलणी तरी करता आली असती. आता टाउनशिपचं पत्र काउंटीकडे गेलं आहे. दर्शनी बाजूच्या नव्या हिरवळीत, दोन झुडपांच्या मधून, मुलांच्या बुटांनी एक पायवाट पाडली आहे. ती थेट दुकानाच्या दाराशी जाते.